ससून ग्रंथालयाची शांतता

संपादकांनी मला पाठविले ते दगडी कमानींवर लिहिण्यासाठी. मुंबईच्या महात्मा गांधी मार्गावर, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या शेजारी आणि जहांगीर कलादालनाच्या समोर उभ्या असलेल्या डेव्हिड ससून ग्रंथालयाची मालाडी दगडाची पिवळसर इमारत तशा लेखास सर्वथैव पात्र आहे. परंतु वरच्या मजल्यावरील वाचनदालनात प्रवेश केल्यावर, खालच्या रस्त्यावरील बसगाड्यांचा आणि टॅक्सींचा कोलाहल कानी येत असताही आत बसलेली माणसे ज्या निश्चलतेने आपापल्या पानात बुडालेली दिसली, ती पाहून कमानींचा विषय मागे पडला.

इतिहास थोडक्यात सांगता येईल. १८४७ साली सरकारी टांकसाळ आणि गोदी येथील काही तरुण यंत्रकारागिरांनी व मुकादमांनी यंत्रांचे नमुने व इमारतींचे आराखडे यांचा संग्रह आणि जोडीला ग्रंथालय असावे अशी खटपट सुरू केली. पुढे बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी इमारतीसाठी साठ हजार रुपये दिले आणि १८७० मध्ये ती पूर्ण झाली. एकूण खर्च सव्वा लाखाच्या घरात गेला. ज्यांच्या हाताला दिवसभर तेल आणि लोखंडाची भुकटी लागलेली असे, त्या माणसांना दिवस मावळल्यावर वाचावयास जागा हवी होती, ही गोष्ट मला या वास्तूच्या साऱ्या शिल्पकामाहून अधिक मोलाची वाटते.

सज्जातील आरामखुर्च्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. लांब हातांच्या या खुर्च्यांची पाठ इतकी कललेली असते की त्यांत बसलेल्याला शेजाऱ्याकडे वळून बोलणे अवघड व्हावे आणि हातातील पुस्तक मात्र आपोआप डोळ्यांच्या रेषेत यावे. त्या घडविणाऱ्या सुताराच्या मनात असे काही होते की नाही, कोण सांगणार! दोन प्रहरी एखाद्या वयोवृद्ध सभासदाचा डोळा लागतो. त्यास कोणी उठवीत नाही, आणि तसा शिरस्ता असावा हे मला योग्यच वाटते. दालनातील सेवक टेबलाजवळची रिकामी खुर्ची जागेवर लावताना ती फरशीवरून ओढत नाही, दोन्ही हातांनी उचलतो, आणि आधी मागचे पाय टेकवून मग पुढचे टेकवितो. एका तरुणाचा भ्रमणध्वनी वाजला, तेव्हा सेवकाने केवळ जिन्याकडे हात केला, आणि तो तरुण ओशाळून निमूटपणे बाहेर गेला. दालनातील शांतता अशा शेकडो लहान कृत्यांनी रोज नव्याने उभी करावी लागते, आणि त्या कृत्यांचा उल्लेख कोणत्याही अहवालात नसतो.

या शहरात अशा शांततेचे महत्त्व किती, हे ज्याने एका खोलीत सात-आठ माणसांच्या बिऱ्हाडात परीक्षेचा अभ्यास केला असेल त्यालाच कळेल. परळच्या चाळीतील अशाच खोलीत वाढणारा विद्यार्थी भीमराव आंबेडकर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे, आणि तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी त्याच्यावर पडली. त्या बागेतील बाकाने जे काम केले, ते करण्याचा अधिकार वास्तविक प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयाचा आहे.

मात्र अभ्यासाइतकीच माणसांना एकत्र बसून बोलण्याचीही निकड असते. ग्रंथचर्चा, व्याख्याने, चार मित्रांचे अभ्यासमंडळ यांना मनाई करणारे ग्रंथालय फार काळ जिवंत राहत नाही. ससून ग्रंथालयास दैवाने मागच्या अंगास बाग लाभली आहे, म्हणून काळा घोडा महोत्सवातील साहित्यविषयक कार्यक्रम तेथे भरू शकतात. ज्या गावातील ग्रंथालयास एकच दालन आहे, तेथे सभा भरली की अभ्यासिका उठते. स्पर्धापरीक्षेची पुस्तके उराशी धरून बसलेल्या मुलामुलींना सत्कारसमारंभाच्या खुर्च्या मांडण्यासाठी बाहेर काढले जाते, आणि सभागृहाच्या भाड्यावाचून विजेचे बिल भागत नसल्याने कार्यवाहांस दोष देणेही अन्यायाचे ठरते.

या अडचणीचे मूळ खर्चवेचाच्या व्यवस्थेत आहे. १९४८ च्या मद्रास कायद्याने ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद केली. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने ती केली नाही. त्यामुळे येथील बहुतेक ग्रंथालये शासकीय अनुदान, वर्गणी आणि देणग्या यांवर कशीबशी चालतात. ससून ग्रंथालयाचे छप्पर, ज्याच्या जागी मध्यंतरी काँक्रीटचा सपाट स्लॅब आला होता, ते दात्यांच्या साहाय्याने मूळ उतरत्या वळणाचे झाले आणि २०२३ मध्ये जीर्णोद्धार झालेली वास्तू वाचकांस खुली झाली. हा आनंद मोठाच आहे. परंतु अशा उदार दात्यांची नजर छपरावर आणि कमानींवर जितकी सहज जाते, तितकी खुर्ची उचलून ठेवणाऱ्या माणसाच्या मासिक वेतनावर जात नाही. लहान गावांत तर ते वेतन इतके तुटपुंजे असते की सेवक दुसरी नोकरी धरतो, दालन संध्याकाळी लवकर बंद होते, आणि कामावरून सुटून येणाऱ्या ज्या वाचकासाठी ते असावयास हवे, तोच कुलूप पाहून परत जातो. अभ्यासिकेच्या उशिरापर्यंतच्या वेळा, बोलण्यासाठी दार लावून घेता येईल अशी एक निराळी खोली, आणि या दोन्हींची राखण करणाऱ्यास पुरेसा पगार, एवढ्यासाठी अनुदानाच्या नियमांत स्वतंत्र तजवीज व्हावी, हे मागणे मी या लेखाच्या निमित्ताने शासनदरबारी दाखल करीत आहे.