भंगार आणि बंगार

आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा नांदतात, त्यामुळे शब्दांच्या गमतीजमती रोजच्याच. माझ्या सासूबाई गदगकडच्या. लग्न होऊन बेळगावात आल्या तेव्हा त्यांना मराठीचा गंध नव्हता. एके दिवशी गल्लीत "भंगाऽऽर" अशी आरोळी ऐकून त्या धावत दारात गेल्या. ह्या गावात बंगार हातगाडीवर विकायला येते की काय, असे त्यांनी सासऱ्यांना विचारले, हा किस्सा आमच्याकडे अजून सांगितला जातो. कन्नडमध्ये बंगार म्हणजे सोने आणि आपल्याकडे भंगार म्हणजे मोडीत काढलेले लोखंड. फरक केवळ एका हकाराचा!

हा किस्सा मला आठवला तो एका फोनमुळे. माझा एक जुना विद्यार्थी सौंदत्तीकडे शेती करतो. त्याचा एकदम प्रश्न आला, "मॅडम, तुम्ही ऑस्ट्रेलियात ते सोनं हुडकायचं मशीन बघून आलायसा न्हवं? आपल्याकडं चालंल काय ते?" कोणीतरी त्याच्या मोबाइलवर २०२३ च्या मार्च महिन्यातली एक बातमी पाठवली होती. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एका हौशी माणसाला साध्या मेटल डिटेक्टरने साडेचार किलोंचा एक दगड सापडला आणि त्या दगडात सुमारे अडीच किलो सोने निघाले. बातमी खरी आहे. यंत्रही फार महागातले नव्हते, हेही खरे. माझ्या विद्यार्थ्याला तसेच यंत्र आणून देतो म्हणणारा एक एजंट भेटला होता. ऐंशी हजारांसाठी बायकोच्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवायची त्याची तयारी चालली होती.

हातातले सोने गहाण टाकून जमिनीतले सोने शोधायला निघालेल्या माणसाला फोनवर दोन वाक्यांत काय सांगणार? त्याला मी घरी बोलावले. त्या दिवशी जे बोलणे झाले तेच जरा सविस्तर इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही.

माझा धाकटा भाऊ मेलबर्नला असतो. २०१९ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. त्याचे शेजारी निवृत्त गृहस्थ, आणि त्यांना या छंदाचे वेड. भूगोल शिकवणारी बाई आली आहे म्हटल्यावर त्यांनी मोठ्या उत्साहाने आम्हाला डनॉली गावाकडे नेले. मेलबर्नपासून दोन-अडीच तासांची वाट. विरळ निलगिरीचे रान, तांबडी माती, त्यात गारगोटीचे पांढरे खडे विखुरलेले आणि मध्येच जुन्या खाणवाल्यांनी खणून सोडलेले खड्डे. मला तर खानापूरच्या पुढे माळावर आल्यासारखे वाटले.

त्या मातीला इतिहास आहे. १८५१ साली व्हिक्टोरियात सोने सापडल्याचा गवगवा झाला आणि जगभरचे लोक तिकडे लोटले. बॅलरॅट, बेंडिगो ही शहरे त्यातूनच उभी राहिली. डनॉलीजवळच मोलियागुल नावाचे खेडे आहे. तिथे ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघा कॉर्निश खाणकामगारांना झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम दोन बोटांवर, सत्तर किलोंहून अधिक वजनाचा सोन्याचा गोळा लागला. 'वेलकम स्ट्रेंजर' म्हणतात तो हाच. डनॉलीत तो तोलायला पुरेसा मोठा काटा नव्हता, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे करावे लागले! तेव्हा अर्थातच यंत्र नव्हते. यंत्राने सापडलेला सर्वांत मोठा गोळा 'हँड ऑफ फेथ'. केव्हिन हिलियर यांना तो १९८० च्या सप्टेंबरात किंगोवरजवळ मिळाला. वजन सत्तावीस किलो, खोली साधारण एक फूट. अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या एका जुगारगृहाने तो दहा लाख डॉलरहून अधिक किंमत देऊन घेतला आणि लोकांना बघायला मांडून ठेवला.

असे गोळे तिथेच का, हा आमच्या विषयातला प्रश्न. गारगोटीच्या शिरांमध्ये जमलेले सोने खडकाबरोबर लाखो वर्षे झिजत, सुटत जाते. माती वाहून जाते. सोने जड, ते फार लांब न जाता तिथेच खाली बसते. व्हिक्टोरियातल्या त्या शिरांमध्ये मुळातच सोने ठिकठिकाणी जाड ढेपांच्या रूपात होते. म्हणून आज दीडशे वर्षांनंतरही हरभऱ्याएवढा, गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा वरच्या थरात मिळू शकतो. यंत्राचा सगळा खेळ या 'तुकडा' शब्दावर आहे.

यंत्र तसे सरळ आहे. दांड्याच्या टोकाला चपटी तबकडी, आत तारेचे वेटोळे. त्यातून विजेचा झटका सोडला की खालच्या जमिनीत क्षणभर चुंबकीय क्षेत्र तयार होते. तिथे धातूचा तुकडा असेल तर त्याच्यात किंचित वीज फिरू लागते, आणि झटका थांबल्यावर ती विरत जात असताना तेच वेटोळे तिची चाहूल टिपते. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये सूर बदलतो. बस्स, एवढेच. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांनी असलेच एक यंत्र घाईघाईने तयार केले होते. त्याला यश आले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे योझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधण्यासाठी हातात धरून चालण्याजोगे यंत्र बनवले आणि ते १९४२ साली एल अलामेनच्या लढाईत वापरले गेले. तांबड्या मातीतल्या लोहामुळे साधी यंत्रे उगाचच ओरडत राहतात. त्यावर ऑस्ट्रेलियातल्याच अ‍ॅडलेडच्या मिनलॅब कंपनीने चांगला तोडगा काढला, म्हणून सोने शोधणाऱ्यांत तिचे नाव आहे. शेजाऱ्यांचे यंत्र त्यांचेच, भारी प्रकारातले. आपल्या रुपयांत चार-पाच लाखांच्या घरात जाणारे.

आता त्या दिवशी काय मिळाले ते सांगते. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत आम्ही तबकडी जमिनीलगत, सारवण घातल्यासारखी, हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत होतो. सूर बदलला की बसायचे, कुदळीने चार बोटे माती उकरायची, ती प्लॅस्टिकच्या डावात घेऊन तबकडीवरून फिरवायची, निम्मी टाकायची, उरलेली पुन्हा फिरवायची, शेवटी चिमूटभर माती उरेपर्यंत. बुटाचे गंजके खिळे निघाले. बंदुकीचे शिशाचे छर्रे निघाले, बाटलीची बुचे, घोड्याच्या नालेचा तुकडा, चांदीचा कागद. प्रत्येक वेळी काळजात धस्स होत होते, हे कबूल करायला हवे! सोने मात्र नाही. कारण यंत्राला 'धातू आहे' एवढेच कळते. काही यंत्रे लोखंड वेगळे ओळखायचा प्रयत्न करतात, पण शिशाचा छर्रा आणि सोन्याचा खडा यांत तीही गोंधळतात. भंगार की बंगार, हे उकरल्याशिवाय समजत नाही. शेजाऱ्यांनी परतताना एक काचेची छोटी बाटली दाखवली, होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तेवढी. अनेक वर्षांची त्यांची कमाई त्यात तळाशी होती. यंत्राची किंमत अजून वसूल व्हायची आहे, असे सांगून ते खळखळून हसले. त्यांना पेन्शन आहे. त्यांना तो छंद परवडतो.

आणखी एक गोष्ट माझ्या विद्यार्थ्याला कोणी सांगितली नव्हती. व्हिक्टोरियात थोडी फी भरून 'मायनर्स राइट' नावाचा परवाना मिळतो, दहा वर्षांपर्यंत चालतो, आणि हाताच्या अवजारांनी शोधलेले सोने शोधणाऱ्याचे होते. राष्ट्रीय उद्याने, मूळ रहिवाशांच्या पवित्र जागा अर्थातच वगळून. उकरलेला खड्डा बुजवून टाकायचा. आपल्याकडे तसे नाही. खनिजाचा शोध १९५७ च्या खाण-खनिज कायद्याखाली येतो. परवान्याशिवाय स्वतःच्या शेतातही तो घेता येत नाही. आणि पूर्वजांनी पुरलेला हंडा लागला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गाडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. दहा रुपये! आकडा तेव्हाचा, पण कायदा लागू आहे.

पण कायद्याच्या आधी मातीचा प्रश्न. आपल्या भागात सोने नाही असे कोणी म्हणणार नाही. कोलारच्या खाणी फेब्रुवारी २००१ मध्ये बंद झाल्या, तेव्हापासून देशातल्या खाणींतले बहुतेक सोने रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीतून येत आले आहे. (हट्टीजवळच्या मस्कीला १९१५ साली बीडन नावाच्या खाण-अभियंत्याला सोने शोधता शोधता एक शिलालेख दिसला, आणि त्यात 'अशोक' हे सम्राटाचे नाव प्रथमच वाचायला मिळाले. मला विचाराल तर हट्टीच्या परिसरातला सर्वांत मोठा लाभ तोच!) हट्टीचे सोने मात्र टनभर दगडात काही ग्रॅम, तेही डोळ्याला न दिसणाऱ्या कणांत पसरलेले. दगड दळून, रसायनात विरघळवून ते काढतात. अशा दगडावर चार लाखांचे यंत्र धरले तरी ते गप्पच राहणार. कणाकणांत विखुरलेले सोने त्याला ऐकूच येत नाही.

गदगजवळच्या कप्पतगुड्डाचेही तसेच. तिथल्या ओढ्यांच्या वाळूत सोने आहे हे फार पूर्वीपासून ठाऊक. १८७४ साली भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी डंबळच्या टेकड्यांतल्या सोन्यावर लिहिले, आणि १८८४ च्या धारवाड गॅझेटियरात ते सोने धुणाऱ्या जालगारांची नोंद आहे. सासूबाईंचे माहेर त्याच बाजूचे. त्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेले असे, की पाऊस पडून ओढा उतरला की जालगार येत, वाळू लाकडी पाटीत घेऊन पाण्यात हिंदकळवत. हलकी माती निघून जाई, खाली काळी जड वाळू राही आणि तिच्यात पिवळी कणी चमके. दिवसभराच्या कष्टाला पोटापुरते. आज जालगार म्हटले की कन्नड माणसाला कुवेंपूंच्या १९२८ सालच्या नाटकातला झाडूवाला आठवतो. वाळूतून सोने धुणारा जालगार स्मरणातून गेला. इंग्रजांच्या काळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपन्यांनी तिथे खाणीही खणल्या, त्या काही वर्षांत गुंडाळल्या. २०१९ साली कप्पतगुड्ड अभयारण्य जाहीर झाले. म्हणजे तिथे कुदळ चालवणे आता गुन्हाच.

मी हे सांगत असताना विद्यार्थ्याने मोबाइलमधला एजंटच्या यंत्राचा फोटो दाखवला. तबकडी नव्हतीच! पिस्तुलासारखी मूठ आणि पुढे दोन अँटेना. म्हणे शंभर मीटरवरून सोन्याकडे आपोआप वळतात, आणि सोने व भंगार बरोबर वेगळे ओळखतात. ज्या डबीत वेटोळे नाही, झटका नाही, ती काय ओळखणार? अगदी अशाच अँटेनाची, आत काहीच नसलेली 'एडीई ६५१' नावाची यंत्रे ब्रिटनच्या जेम्स मॅकॉर्मिकने बॉम्ब शोधणारी म्हणून इराकला विकली होती. लोकांचे जीव गेले. २०१३ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे अशा डबीच्या मागून बहुधा एखादा मांत्रिक येतो, अमावास्या येते, कोंबडा येतो. आणि गोष्ट कुठपर्यंत जाते ते आपण पेपरात वाचतोच. गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांवर महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला, कर्नाटकात २०१७ चा कायदा २०२० पासून लागू आहे.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, आगाऊ धा हजार दिलेत की." ते परत मिळाले नाहीत. पाटल्या मात्र घरीच राहिल्या, असे त्याच्या बायकोने नंतर मला सांगितले.

सोने शोधून पोट भरणारी माणसे बघायचीच असतील तर लांब जायला नको. सराफकट्ट्यावर झारेकरी असतात. सोनाराच्या दुकानातला कचरा, भट्टीची राख, पायपुसणे, हात धुतलेले पाणी, सारे काही हे लोक विकत घेतात. जाळतात, कुटतात, पाटीत घेऊन पाण्यात हिंदकळवतात, अगदी कप्पतगुड्डाच्या ओढ्यातल्यासारखेच. शेवटची कणी धरायला पारा लागतो आणि त्याची वाफ फुप्फुसात जाते, हे त्यांना माहीत असते तरी बंद खोलीत काम चालते. त्यावर आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही. मी ओळखत असलेल्या झारेकऱ्याला विचारले, कचऱ्यात किती निघेल हे घ्यायच्या आधी कसे कळते? तो म्हणाला, दुकानात किती कारागीर बसतात, आणि ते नथी करतात की बांगड्या, ते बघायचे. नथीत कानस जास्त चालते.