कडेवर बाळ, पायांत चाळ

नागपूरहून बैतूलकडे जाणारा महामार्ग पांढुर्ण्यावरून पुढे सरकतो, तर छिंदवाड्याची वाट सौंसरवरून जाते. संत्री आणि कापूस पिकविणारा हा मध्य प्रदेशातील मराठीभाषक पट्टा. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा काढून त्याचा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. एखाद्या नृत्यशिक्षिकेला तान्हे मूल सोबत घेऊन नागपूरहून अशा तालुक्याच्या गावी शिकवायला किंवा कार्यक्रमाला जायचे झाल्यास तिच्या मदतीला काय असते? नृत्य लावणीचे असो वा गोव्याच्या पर्यटन हंगामात दिसणारे बेली डान्सचे, प्रश्न एकच आहे.

या पट्ट्याला लागून असलेल्या विदर्भातील खडी गंमत या लोककलेत स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच रंगवीत आले. आपल्याकडील दशावतारातही तेच. त्यामुळे रंगमंचावरील बाळंतिणीचा विचार करण्याची वेळ या फडांवर फारशी आलीच नाही. तमाशात मात्र स्त्री नाचत होती, गावोगाव फिरत होती आणि तिची मुले त्या मुक्कामांतच वाढत होती.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांची हकीकत प्रसिद्ध आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्यावर आत गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर येण्यास सिद्ध झाल्या, असे सांगितले जाते. प्रेक्षकांनीच त्यांना विश्रांती घेण्यास सांगितले. पुढे त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही तमाशाचा वारसा चालविला. ही हकीकत नेहमी धैर्यकथा म्हणून सांगितली जाते. मात्र त्या रात्री विठाबाईंना थांबविले ते प्रेक्षकांच्या माणुसकीने, कोणत्याही व्यवस्थेने नव्हे, हे त्या कथेत झाकले जाते.

कायद्याला हा वर्ग अगदीच अपरिचित होता असे नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कक्षेत कारखाने, खाणी आणि मळे यांच्याबरोबरच घोडेस्वारी, कसरती व तत्सम खेळ दाखविणाऱ्या आस्थापनाही होत्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक ठरले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही २६ आठवडे कायम ठेवले. अडचण आहे ती वेगळीच. रजा मालकाकडून मिळते आणि त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. बिदागीवर नाचणाऱ्या किंवा स्वतःचे वर्ग चालविणाऱ्या स्त्रीला मालकच नसतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणारे ५,००० रुपये हा आधार आहे. पण तो बुडालेल्या हंगामाची भरपाई करू शकत नाही.

शरीराचीही मागणी असते. बेली डान्समध्ये कंबर आणि पोटाचे स्नायू सतत राबतात. नेमके हेच स्नायू गरोदरपणात ताणलेले असतात. प्रसूतीनंतर साधारण सहा आठवड्यांनी तपासणी करून घ्यावी आणि मगच हळूहळू सरावाला लागावे, हे इष्ट. घरोघरी पाळला जाणारा सव्वा महिना जवळपास तेवढाच भरतो. बाळाला पहिले सहा महिने केवळ स्तनपान द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. त्यासाठी माता व बाल संरक्षण कार्ड प्रवासात जवळ हवे.

उरते ते आयोजकांचे काम, आणि ते फार खर्चिक नाही. ध्वनिवर्धकांपासून दूर, दार बंद होणारी एक स्वच्छ खोली. बाळाजवळ थांबणाऱ्या सोबतिणीच्या प्रवासाची सोय. कार्यक्रमाच्या दोन भागांत पुरेसा अवकाश. बिदागी ठरवितानाच या गोष्टी लेखी ठरल्या, तर कलावतीला त्या उपकार म्हणून मागाव्या लागणार नाहीत. विठाबाईंच्या प्रेक्षकांनी जे उत्स्फूर्तपणे केले, तेच आता करारात उतरायला हवे.