क्रॅशगार्ड घरीच बसवताय? आधी फेअरिंग नीट उतरवा

तेरखेडा (ता. वाशी) : सोलापूर-धुळे महामार्गालगतच्या मुरमावर गाडी घसरली तर साधी दुचाकी खरचटून निभावते. फेअरिंगवाल्या गाडीचं मात्र प्लास्टिकच फुटतं. म्हणून बरीच पोरं घरीच क्रॅशगार्ड बसवतात. काम जमण्यासारखं आहे, फक्त घाई नको.

इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा, गाडी पक्की उभी करा. सगळे बोल्ट आधी शोधून ठेवा, एखादा सीटखाली लपलेला असतो. प्लास्टिक क्लिपची मधली पिन काहींत आत दाबायची, काहींत वर उचलायची असते. बोल्ट निघाले तरी पॅनल रबरात अडकलेलं राहतं. ते सरळ ओढा, तिरकं ओढलं की खुंटी तुटलीच म्हणून समजा. त्याआधी इंडिकेटरचा कपलर सोडवा. बोल्ट लांबीला वेगवेगळे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवा.

खरी जोखीम पुढं आहे. बऱ्याच गाड्यांत गार्ड इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टवरच बसतो. इंजिनखाली जॅक किंवा लाकडाचा ठोकळा लावा आणि एका वेळी एकच बोल्ट काढा. सगळे सोडले की इंजिन खाली सरकतं, मग भोकं जुळवताना घाम फुटतो. टॉर्क पाना नसेल तर शेवटची आवळणी गॅरेजातच करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

नंतर हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा. चाक, ब्रेक किंवा गिअरचं पेडल कुठं घासत नाही ना, तपासा. शे-दोनशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा बघा.