घुबडाचे भाग्य

ज्या पक्ष्याचे नाव आपल्या घरांतून शिवीसारखे वापरले जाते, तिन्हीसांजेला ज्याचा घूत्कार कानी पडताच वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात, तोच पक्षी जपानात किल्ल्यांच्या जुडग्याला मानाने लटकत असतो आणि दुकानाच्या गल्ल्याशेजारी मातीच्या किंवा चिनीमातीच्या रूपात विराजमान झालेला असतो. नव्या घराला भेट म्हणून घुबडाची मूर्ती दिली, तर यजमान तेथे आनंदित होतो.

याचे कारण विचारले असता एका श्लेषाकडे बोट दाखविले जाते. जपानी भाषेत घुबडाला ‘फुकुरो’ म्हणतात. या शब्दाची ‘फु’ आणि ‘कुरो’ अशी फोड केली, की ‘कष्ट नाहीत’ असा अर्थ निघतो. शिवाय ‘फुकु’ म्हणजे भाग्य. तेव्हा निराळी अक्षरचिन्हे योजून तोच उच्चार ‘भाग्य येते’ या अर्थानेही लिहिता येतो.

मात्र पूर्वी जपानातही हा पक्षी अशुभच होता. घुबडाचे पिल्लू आपल्या आईलाच खाते, ही चीनमधून आलेली समजूत तेथे रुजलेली होती. त्यामुळे मातृद्रोहाचा कलंक त्याच्या माथी बसला. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या विदुषीने लिहिलेल्या ‘गेन्जी’च्या कथेत, ओसाड वाड्यात नायकाची प्रिया मरण पावते त्या भयाण रात्री घुबडाचाच आवाज येतो. पुढे एडो काळात, म्हणजे टोकियोला एडो म्हणत त्या दिवसांत, देवीच्या साथीत आजारी मुलांजवळ लाल रंगाची खेळण्यातली घुबडे ठेवू लागले. लाल रंगाला रोग भितो, अशी त्यामागे श्रद्धा होती.

मला श्लेषापेक्षा अधिक मोलाची वाटते ती टोकियोतील झोशिगाया येथील कथा. कुमे नावाच्या एका गरीब मुलीची आई आजारी पडली. औषधाला पैसा नाही. मुलीने तेथील किशिमोजिन देवीची करुणा भाकली, तेव्हा कुशकाशासारख्या ‘सुसुकी’ गवताच्या तुऱ्यांची घुबडे करून वीक, असा तिला देवीचा दृष्टान्त झाला. घुबडे विकली गेली, औषध आले. आईला खाणारा म्हणून ज्याची निंदा झाली, त्याच पक्ष्याच्या गवती प्रतिमेने एका आईचे प्राण वाचविले, असे लोककथेने ठरवावे, यात केवढे औदार्य आहे! ही मऊ तुऱ्यांची घुबडे झोशिगायाचे वैशिष्ट्य मानली जातात.

आणि ही किशिमोजिन तरी कोण? ती आपली हारीती. दुसऱ्यांची मुले पळविणाऱ्या या यक्षिणीचे धाकटे मूल बुद्धाने लपविले, तेव्हा तिला मातांचे दुःख कळले आणि ती बालकांची रक्षक झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तिची मूर्ती आहे. बौद्ध धर्माबरोबर ती चीनमार्गे जपानला पोहोचली.

झोशिगायाच्या शेजारीच इकेबुकुरो हे गजबजलेले रेल्वेस्थानक आहे. नावातल्या ‘बुकुरो’चा धागा पकडून १९८७ मध्ये तेथे दगडी घुबड बसविले गेले. परस्परांना भेटण्याची ती ठरलेली जागा आहे.

उत्तरेकडील होक्काइडो बेटावरील आयनू लोकांना मात्र घुबडाचे वैभव श्लेषातून शोधावे लागले नाही. तेथील मत्स्यभक्षी महाघुबड हे त्यांच्या गावाचे रक्षण करणारे दैवत. चिरी युकिए या आयनू तरुणीने आपल्या लोकांची मौखिक देवगीते लिहून घेतली. हस्तलिखित पुरे होताच १९२२ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, ती वारली आणि पुस्तक पुढच्या वर्षी निघाले. त्यातील पहिलेच गीत या घुबडदेवाचे आहे. श्रीमंत मुलांचे बाण चुकवून तो एका गरीब मुलाच्या साध्या बाणाला स्वतः होऊन सामोरा जातो आणि त्याचे घर संपत्तीने भरून टाकतो.

हा पक्षी जगातील सर्वांत मोठ्या घुबडांपैकी एक; पंखांचा पसारा जवळजवळ ६ फुटांचा. त्याला वीण घालण्यास प्रचंड जुन्या वृक्षांच्या ढोल्या लागतात आणि हिवाळ्यातही न गोठणारे, माशांनी भरलेले पाणी लागते. नदीकाठची अरण्ये तुटली, प्रवाह अडविले गेले आणि हा देव निराधार झाला. १९७१ मध्ये त्याला राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण मिळाले, १९८४ पासून सरकारी संवर्धन सुरू झाले. तरीही होक्काइडोत त्याची संख्या दोनशेच्या आसपासच आहे. आकान सरोवराकाठच्या एखाद्या मोठ्या दुकानात लाकडात कोरलेली घुबडेच याहून अधिक भरतील. ढोल्या उरल्या नाहीत, म्हणून माणसे झाडांवर पेट्यांची घरटी टांगून देतात आणि कडाक्याच्या थंडीत त्याच्यासाठी तळ्यांत मासे सोडतात.