रात्रीच्या झांकीची निगेटिव्ह कशी वाचावी

मागच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी इंदूरच्या मिलच्या झांक्यांवर एक टिपण वाचलं होतं. सोबत अनंत चतुर्दशीच्या रात्रीचा एक फोटो दाखवला आणि त्याचं साल १९७१ सांगितलं. ते साल चुकीचं होतं, आणि चूक सर्वस्वी माझी होती. ती कशी झाली आणि कशी लक्षात आली, हे सांगण्यासाठी हा लेख. त्याकरिता आधी जलद कृष्णधवल फिल्म म्हणजे काय, ती कशी वापरत आणि कशी धूत, हे समजून घ्यावं लागेल. मी शिक्षणाने इंजिनिअर, त्यामुळे थोडे आकडे येतील. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

हा फोटो एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आलेल्या खोक्यातला. खोक्यात कागदी पाकिटं, प्रत्येकात निगेटिव्हच्या सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या. आपल्या फोटोच्या पाकिटावर पेन्सिलीने दोन आकडे होते: वर '७१' आणि खाली '१६००'. मी '७१' म्हणजे साल असं धरलं. '१६००'चा अर्थ लागला नाही, म्हणून सोडून दिला. खरं तर महत्त्वाचा आकडा तोच होता.

रात्रीचे फोटो इतके कमी का?

इंदूरला फोटोग्राफीची परंपरा जुनी आहे. लाला दीनदयाळ इथल्याच सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७०च्या दशकात त्यांनी इथेच कॅमेरा हाती घेतला. पण त्या काळच्या काचेला भर दिवसासुद्धा सेकंदांच्या हिशेबात उजेड द्यावा लागे. इमारत स्थिर उभी राहते, नाचणारा माणूस राहत नाही. त्यामुळे राजवाड्याचे दिवसाचे जुने फोटो सापडतात, रात्रीच्या मिरवणुकीचे नाही. रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात, फ्लॅश न मारता, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने चालत्या गर्दीचा फोटो घ्यायचा तर जलद फिल्म हवी.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. एखाद्या कणावर उजेडाचे मोजके थेंब पडले की तो कण 'जागा' होतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण पुढे डेव्हलपरमध्ये तो काळा होतो. पाऊस पडताना अंगणात एक वाटी आणि एक घंगाळ ठेवा. ठरावीक थेंब घंगाळात आधी जमा होतील, कारण त्याचं तोंड मोठं. जलद फिल्मचे कण असेच मोठे असतात. म्हणून ती कमी उजेडात काम करते, आणि म्हणूनच तिच्या फोटोत रव्यासारखे दाणे दिसतात. तो दाणा हा दोष नव्हे, वेगाची किंमत आहे.

वेग आकड्यात सांगतात. आकडा दुप्पट, तर लागणारा उजेड निम्मा. १०० किंवा १२५ची फिल्म दिवसासाठी, ४००ची जलद. ओर्वो एनपी२७ या पूर्व जर्मनीच्या फिल्मवरचा २७ हा जर्मन पद्धतीचा आकडा. त्यात दर तीन अंकांनी वेग दुप्पट होतो आणि २७ म्हणजे ४००च.

४००ची फिल्म १६००ला

आता झांकीचा हिशेब करू. बल्बच्या माळांनी उजळलेल्या जत्रेत ४००च्या फिल्मला लेन्स २.८वर उघडून साधारण १/३० सेकंद द्यावा लागतो. एवढ्या वेळात ढोल वाजवणाऱ्याचा हात पुसट होणार. हात स्थिर यायला १/१२५ हवा. १/३० ते १/६० ही एक पायरी, १/६० ते १/१२५ दुसरी. दोन पायऱ्या म्हणजे उजेड चौथा हिस्सा. म्हणून फोटोग्राफर मीटरवर ४००ऐवजी १६०० लावायचा आणि फिल्म जास्त वेळ डेव्हलप करून ती तूट भरून काढायचा. याला 'पुश करणं' म्हणत. पाकिटावरचा '१६००' हाच.

पण तूट पूर्ण भरत नाही, आणि या लेखाचा मुद्दा इथेच आहे. डेव्हलपर उजेड निर्माण करत नाही. जो कण जागाच झाला नाही, त्याला कितीही वेळ बुडवून ठेवलं तरी तो चित्र देत नाही. वेळ वाढवला की ज्यांना बऱ्यापैकी उजेड मिळाला ते भाग आणखी गडद होतात: कपाळ, पांढरा सदरा, बल्ब. सावल्या जवळपास आहेत तिथेच राहतात. म्हणून पुश केलेल्या फोटोत बल्ब भडक, सावल्या काळ्याकुट्ट आणि मधल्या छटा कमी असतात.

धुण्याची पद्धत

खोक्याबरोबर स्टुडिओवाल्या काकांची भेटही झाली. वय ऐंशीच्या पुढे, पण कृती तोंडपाठ. ती थोडक्यात अशी.

जलद फिल्म ३० मीटरच्या मोठ्या रोलमध्ये घेत आणि अंधारात कापून डब्यांत भरत. एका मोठ्या रोलचे ३६ फ्रेमचे अठराएक रोल होत, स्वस्त पडे. टँकच्या रिळावर फिल्म चढवायची ती पूर्ण अंधारात. लाल दिव्याची डार्करूम सिनेमात दिसते, पण लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना चालतो. ही फिल्म लाल उजेडही ओळखते, म्हणून काम बोटांच्या अंदाजाने.

डेव्हलपर घरीच तराजूवर तोलून बनवत. कोडॅकचं १९२७चं डी-७६ हे प्रसिद्ध सूत्र: मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, पाणी घालून एकूण १ लिटर. मेटॉल आधी विरघळवायचं, कारण सल्फाइटच्या दाट पाण्यात ते नीट विरघळत नाही. इल्फर्डचं आयडी-११ जवळपास हेच.

तापमान २० अंश धरतात. आजच्या एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११मध्ये ४००ला साडेसात मिनिटं, ८००ला साडेदहा आणि १६००ला १४ मिनिटं लागतात. पाणी २४ अंशांचं असेल, तर साडेसातची पाच-सव्वापाच मिनिटं होतात. आपल्याकडे भाद्रपदात नळाचं पाणी २० अंशांचं कुठलं मिळायला? मग बादलीत बर्फ टाकून त्यात बाटल्या उभ्या करायच्या. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, नाहीतर तो पातळ होतो. दर मिनिटाला पहिले दहा सेकंद टँक उलटासुलटा करायचा. सारखा घुसळला तर बल्ब आणखी भडकतात. अजिबात हलवला नाही तर पट्टे उमटतात.

मग ॲसिटिक आम्लाचं सौम्य पाणी, म्हणजे डेव्हलपिंग जागच्या जागी थांबतं. मग हायपो. फिल्मवरचा दुधाळपणा जायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ ती हायपोत ठेवायची. शेवटी वाहत्या पाण्यात वीस-तीस मिनिटं. काका म्हणाले, "पुष्कळ जण इथेच घाई करायचे. मिरवणूक पहाटेपर्यंत चालायची आणि प्रिंट दुपारी हवा असायचा." हायपो नीट धुतला गेला नाही, तर वर्षांनंतर निगेटिव्ह पिवळी पडते. आपल्या खोक्यातल्या बऱ्याच पट्ट्या तशा आहेत.

कडेला काय लिहिलंय?

काकांना मी '७१' बद्दल विचारलं. ते हसले. "अहो, तो पाकिटाचा नंबर आहे. साल कोण लिहितो? साल आमच्या डोक्यात असायचं."

घरी येऊन मी पट्टी पुन्हा उजेडावर धरली. या वेळी चित्राकडे न बघता कडेकडे बघितलं. भोकांच्या रांगेपाशी बारीक अक्षरं होती: इल्फर्ड एचपी५. ही फिल्म बाजारात आली १९७६ला. म्हणजे १९७१चा प्रश्नच नाही. पुढे 'प्लस' हा शब्दही नाही. एचपी५ प्लस आली १९८९ला. दुकानात जुना माल काही काळ राहतो, हे धरलं तर फोटो १९७६ ते १९९०च्या आसपासचा. याहून नेमकं साल फिल्म सांगत नाही.

इतरांच्या उपयोगासाठी आणखी काही खुणा. ३५ मिलिमीटरची कोडॅक ट्राय-एक्स १९५४ नंतरची. तिच्या कडेला बहुधा ५०६३ हा आकडा असतो. ओर्वो हे नाव १९६४ पासूनचं. एचपी४ ही १९६५ पासूनची. जुन्या टिपणांत ट्राय-एक्सचा वेग २०० दिसला, तर गोंधळू नये. १९६०ला मोजण्याचं मानक बदललं आणि आकडा ४०० झाला, फिल्म तीच.

कडेच्या अक्षरांचा आणखी एक उपयोग आहे. ती कारखान्यातच उजेड देऊन उमटवलेली असतात आणि चित्राबरोबरच डेव्हलप होतात. अक्षरंही फिकट असतील, तर डेव्हलपिंग कमी झालं. अक्षरं ठसठशीत आणि सावल्या मात्र काचेसारख्या मोकळ्या असतील, तर डेव्हलपिंग पुरेसं होतं, उजेडच कमी पडला. आमच्या पट्टीत अक्षरं चांगली जाड, काळी आहेत. १६००ची नोंद खरी ठरते.

ताईंचे बाबा

हे सगळं एवढं बारीक का बघायचं? माझं टिपण ऐकून एक ताई भेटायला आल्या होत्या. फोटोत झांकीच्या गाडीला हात लावून चालणारा, खांद्यावर मूल घेतलेला माणूस म्हणजे आपले बाबा, असं त्या म्हणाल्या. उभं राहण्याची ढब आणि गळ्यातला रुमाल यावरून त्यांनी ओळखलं. चेहरा पूर्ण सावलीत आहे. १९७१ ऐकून त्यांनी हिशेब केला, की मूल म्हणजे तेव्हा चार वर्षांचा मोठा दादा. "चेहरा थोडा उजळून द्याल का?" एवढीच त्यांची विनंती होती.

मी निगेटिव्हचा तो भाग भिंगाखाली बघितला. तिथे काही नाही. एकही कण जागा झालेला नाही. ओळखीच्या एका मुलाने फोनवरच्या ॲपमधून चेहरा 'काढून' दिला. नाक, डोळे, मिशी सगळं व्यवस्थित. ताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "हे बाबा नव्हेत." बरोबरच आहे. तो चेहरा फिल्मवर नव्हताच, तर येणार कुठून?

साल बदलल्याचं मी त्यांना फोन करून सांगितलं आणि माफी मागितली. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तो दादा नाही. दादा तेव्हा खांद्यावर बसण्याएवढा नव्हता. धाकटा असेल." असेलही. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्यांना मी पूर्ण फ्रेमचा प्रिंट दिला, दाणा आणि काळी सावली ठेवून. गाडीवर टेकलेला हात त्यात स्वच्छ दिसतो, बोटं मोजता येतात.

मंडळाच्या सभासदांना एवढीच विनंती. जुन्या निगेटिव्ह स्कॅन कराल तेव्हा कडा कापू नका. पाकीट फेकू नका, त्यावरचे आकडे समजले नाहीत तरी. दाणा 'साफ' केलेली प्रत हवी असेल, तर ती वेगळी ठेवा आणि तसं तिच्यावर लिहा. आणि साल टाकण्याआधी पट्टी एकदा उजेडावर धरा. मी ते एक मिनिट वाचवलं होतं.