एसीतला गॅस ‘संपत’ नाही

मोटारीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेने सुटताच तो गारठतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना केबिनमधली उष्णता शोषून घेतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-134ए हा गॅस हवेच्या साध्या दाबाला उणे 26 अंश सेल्सिअसलाच उकळतो. सगळी किमया तेवढ्यात आहे.

तरीही पुण्यात मार्च लागला, एसी गार करेना झाला की निदान ठरलेले : ‘गॅस संपलाय, भरून टाका.’ रबरी होज आणि सील यांतून वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो, हे खरे; पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि नुसता टॉप-अप म्हणजे फुटक्या माठात पाणी. गळती शोधायला साबणाचा फेस, नायट्रोजनचा दाब किंवा अतिनील दिव्यात चमकणारा रंग वापरतात. पुढून उडालेले खडे खाणारा कंडेन्सर आधी तपासावा. गळती काढल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, मगच गॅस भरायचा. आणि तोही अंदाजाने नव्हे, बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेल्या वजनाइतका, तोलून. ‘थोडा जास्त भरला तर जास्त गार होईल’ ही समजूत उलटी आहे. जादा गॅसने दाब वाढतो, कॉम्प्रेसर ताणला जातो आणि गारवा घटतो. उरलेला गॅस हवेत सोडून देणेही गैरच. जुन्या गाड्यांतला आर-12 ओझोनचा थर खातो म्हणून 1987च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून भारी आहे.

बिघाड नेमका कुठे, हे बहुधा गारवा केव्हा जातो त्यावरून कळते. द्रुतगती मार्गावर केबिन थंडगार आणि विद्यापीठ चौकातल्या कोंडीत मात्र गरम वारा, असे असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यावा. गाडी धावताना त्याचे काम वारा करत असतो. कंडेन्सरच्या पात्यांत धूळ-चिखल बसला तरी हेच होते. हवा गार, पण झुळूक क्षीण असेल तर केबिन फिल्टर काढून पाहावा. बांधकामांची धूळ खाल्लेला फिल्टर बदलणे हे या यादीतले सर्वांत स्वस्त काम आणि सर्वांत जास्त विसरले जाणारेही. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावरच चालत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. तासभर उत्तम गारवा, मग झोत बारीक होत जातो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक, हे कूलिंग कॉइलवर बर्फ धरल्याचे लक्षण. घाटात जोर लावताना क्षणभर गारवा कमी होणे मात्र बिघाड नव्हे. इंजिनाला ताकद मिळावी म्हणून अनेक गाड्या कॉम्प्रेसर आपणहून सोडतात.

गाडीखाली टपटपणारे पाणीही गळती नव्हे. कॉइलवर हवेतली वाफ निवून थेंब बनतात, तेच ते पाणी. पावसाळ्यात ते जास्तच पडते. ते बाहेर न पडता पायाशी साचले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. सतरंजी ओली होऊन गोडसर वास येत असेल, तर ते पाणी नसून हीटरमधून गळणारे कूलंट असते.

‘पावसात एसी कशाला’ हाही एक हट्ट. ताम्हिणी घाटात काच आतून धूसर होते ती प्रवाशांच्या श्वासातल्या ओलीने. एसी हवा कोरडी करतो. सोबत बाहेरची हवा आत घेणारे बटण हवे, रिसर्क्युलेशन नको. काच बाहेरून धूसर झाली असेल तर ती फार गार पडलेली असते. वायपर फिरवून तापमान थोडे वाढवावे. उन्हात तापलेला डॅशबोर्ड बेन्झीन सोडतो आणि एसी लावताच कर्करोग होतो, या व्हॉट्सॲपवरच्या इशाऱ्याला भरवशाचा आधार नाही. आधी काचा उघडाव्यात हे बरोबर, पण ते कोंडलेली ऊब जावी म्हणून.

हीटरबद्दल पुण्यात फारसे बोलले जात नाही, कारण तो लागतो डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेपुरता. तो एसीसारखे इंधन खातो ही समजूत चुकीची आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत तो इंजिनाचीच वाया जाणारी उष्णता कूलंटमार्फत आत आणतो, म्हणून इंजिन तापेपर्यंत गार वाराच येतो. विजेच्या गाडीत ही फुकटची ऊब नसते. तिथे हीटर बॅटरीच वापरतो. हिवाळ्यातही एसी आठवड्याला काही मिनिटे चालवावा, म्हणजे गॅसबरोबर तेल फिरते आणि सील सुकत नाहीत. बराच वेळ चालवूनही हीटर कोमट आणि तापमानाचा काटा खालीच, असे दिसले तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. हीटर गार, पण काटा वर चढतोय, हे दिसले तर कूलंट कमी झालेले असते; गाडी तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.