झिर्कोनियम गंजतो, म्हणूनच टिकतो

पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुवीज केंद्रात १९६९ पासून युरेनियमचे इंधन झिर्कॅलॉय-२ या मिश्रधातूच्या नळ्यांत बंद करून पाण्यात ठेवले जाते. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारच कमी शोषतो, म्हणून त्याची निवड झाली. पण 'झिर्कोनियमला गंज चढत नाही' हे त्याच्याविषयीचे नेहमीचे विधान चुकीचे आहे. ऑक्सिजनशी इतक्या तत्परतेने संयोग पावणारे धातू थोडेच. त्याचा बारीक भुगा हवेत पेट घेतो, म्हणून कारखान्यात तो जपून हाताळावा लागतो.

अखंड धातूवर मात्र हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि घट्ट चिकटून राहतो. लोखंडाचा गंज सुटून खालचा धातू उघडा पडतो. इथे थरच पुढच्या ऑक्सिजनची वाट अडवतो. म्हणून अणुभट्टीत इंधन व दाबाखालचे पाणी धरणाऱ्या दाबनळ्या सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वाफेत ठेवून त्यांच्यावर मुद्दाम काळा, चकचकीत थर चढवतात. हा थर म्हणजे झिर्कोनियम डायऑक्साइड. यिट्रियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडने स्थिर केलेले त्याचेच पारदर्शक स्फटिक सराफाकडे 'अमेरिकन डायमंड' म्हणून मिळतात.

ऑक्सिडीभवनासाठी हवा लागते, हाही असाच एक गैरसमज. झिर्कोनियम पाण्याच्या रेणूतूनच ऑक्सिजन काढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. एक किलो धातूची अशी संपूर्ण अभिक्रिया झाली, तर सुमारे ४४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अर्धा घनमीटर हायड्रोजन तयार होतो.

थर बाहेरून रंगासारखा चढत जातो असे वाटते. प्रत्यक्षात ऑक्सिजनचे आयन थरातून आत सरकतात आणि नवे ऑक्साइड तळाशी, धातूला लागूनच बनते. मूळ धातूपेक्षा ऑक्साइड सुमारे दीडपट जागा व्यापते. त्यामुळे थरात ताण साठत जातो. जाडी दोन-तीन मायक्रोमीटर झाली की त्यात सूक्ष्म भेगा व छिद्रे पडतात आणि मंदावलेला वेग पुन्हा वाढतो. तरीही ३०० अंशांच्या आसपासच्या पाण्यात ही वाढ एवढी संथ असते, की इंधन भट्टीबाहेर काढेपर्यंत थराची जाडी मायक्रोमीटरमध्येच मोजावी लागते.

धातू जितका शुद्ध तितका टिकाऊ, हेही खरे नाही. शुद्ध केलेल्या धातूतही उरणारा नायट्रोजनचा अंश गंज वाढवतो. तो परिणाम रोखण्यासाठी झिर्कॅलॉय-२ मध्ये सुमारे दीड टक्का कथील आणि थोडे लोह, क्रोमियम व निकेल मिसळतात. तारापूरच्या ३ व ४ क्रमांकाच्या भट्ट्यांच्या दाबनळ्यांत २.५ टक्के नायोबियम असते. असा धातू हायड्रोजन कमी शोषतो. हा गुण मोलाचा आहे, कारण शोषलेल्या हायड्रोजनचे हायड्राइड बनून नळी ठिसूळ होते. १९८३ मध्ये कॅनडातील पिकरिंग केंद्राची झिर्कॅलॉय-२ ची एक दाबनळी याच कारणाने फुटली.

सर्वांत पसरलेला गैरसमज जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघाताचा. मार्च २०११ मध्ये तेथे इमारतींची छपरे उडाली ती अणुस्फोटाने, असे अजूनही बोलले जाते. तिथल्या अल्पसमृद्ध युरेनियमचा बॉम्बसारखा स्फोट होऊच शकत नाही. त्सुनामीने वीजपुरवठा तुटला, शीतन थांबले, इंधन तापले आणि नळ्यांतील झिर्कोनियमच्या वाफेशी झालेल्या अभिक्रियेतून हायड्रोजन साठला. तोच हवेत मिसळून १२, १४ आणि १५ मार्चला स्फोट झाले.

झिर्कोनियम आणि वाफेची ही अभिक्रिया उष्णताही देते, धातूच्या किलोमागे सुमारे ६.५ मेगाज्यूल. म्हणून सुमारे १,२०० अंशांच्या वर ती स्वतःच्याच उष्णतेने वेग घेते आणि आवरायला कठीण होते. हे ओळखून अमेरिकेने १९७० च्या दशकात निकष घालून दिले: शीतन सुटण्याच्या अपघातातही इंधननळीचे तापमान १,२०४ अंशांच्या आत राहावे आणि नळीच्या जाडीच्या १७ टक्क्यांहून अधिक धातूचे ऑक्साइड होऊ नये. आपत्कालीन शीतन यंत्रणेची रचना अशा मर्यादा पाळूनच केली जाते.